कोकण किनाऱ्यावर फोटो काढायला जाताना: शनिवार-रविवारची तयारी

बॅग भरण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. नोकरी सांभाळून महिन्यातला एखादाच शनिवार-रविवार मोकळा मिळतो. तो कोणता धरायचा हे भरती-ओहोटी पाहून ठरवलं, तर अर्धी तयारी तिथेच होते.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला पाणी पार मागे गेलेलं असतं. ते दिवस उधाणाचे, त्यामुळे ओहोटीही मोठी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. उघडी पडलेली खडपं (किनाऱ्यावरचे खडक), पुळणीवर म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर पाण्याचा पातळ थर आणि त्यात उतरलेले आकाशाचे रंग, हे सगळं मावळतीलाच जुळून येतं. अष्टमीला भरतीच सहाला, खडपं पाण्याखाली. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येच्या लगतचा शनिवार-रविवार धरा. हिशेब ढोबळ आहे, तेव्हा निघण्याआधी जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक तपासून वेळा कागदावर लिहून घ्या. अलिबागच्या बाजूला पाणी जेवढं लांब जातं, तेवढं मालवणकडे जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता यातला धोका. मावळतीला ओहोटी म्हणजे आपण फोटोत गुंगलेले असताना पाणी परत चढायला लागलेलं असतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे चालत गेलात, तर परतीची वेळ जातानाच ठरवा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचे लाटांनी कोरलेले खडक बघून पाय निघत नाही, पण तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत. ओल्या काळ्या खडकावर उभं राहू नका. तो ओला आहे म्हणजे तिथवर लाट येते. एकट्याने जाणार असाल तर जिथे उतरलात त्या घरी सांगून जा. आणि पावसाळ्यात खडपांवर जाऊच नका. त्या दिवसांत सड्यावरून (वरच्या कातळपठारावरून), कड्यावरून समुद्र टिपा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या हा वेगळाच विषय मिळतो.

पायात पट्ट्याचे सँडल हवेत, साधी चप्पल शेवाळावर टिकत नाही. खडपांवरच्या कालवांची धार ब्लेडसारखी असते. कपाळाला बांधायची बॅटरी घ्याच, कारण सूर्य बुडाल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं रंगांची असतात आणि परतताना अंधार झालेला असतो.

ट्रायपॉड जड असला तरी चालेल, डगमगता नको. ओल्या वाळूत तो लावताना घाई करू नका. तिन्ही पाय हाताने दाबून वाळूत रुतवा, एक लाट येऊन परत जाऊ द्या, मग कॅमेरा सरळ करा. परतणारं पाणी पायांखालची वाळू काढून नेतं आणि क्षितिज तिरकं होतं. वाइड लेन्स, पोलरायझर (पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर), एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळी काच) आणि रिमोट एवढं पुरतं. दहा स्टॉपच्या, म्हणजे प्रकाश दहा वेळा निम्मा करणाऱ्या एनडीने शटरचा वेळ सेकंदाच्या तिसाव्या भागावरून अर्ध्या मिनिटावर जातो आणि समुद्राचं धुकं होतं. मला स्वतःला लाट परतताना अर्ध्या ते एका सेकंदाचा शटर जास्त आवडतो, त्यात पाण्याच्या रेघा दिसतात आणि समुद्र समुद्रच राहतो. लेन्स पुळणीवर बदलू नका, खोलीवरूनच लावून निघा. खारे तुषार पुसायला सुती फडकी जास्तीची घ्या. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की काचेवर बाष्प धरतं, म्हणून बॅग थोडा वेळ बंदच राहू द्या.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी समुद्रावर सूर्य मिळत नाही. सकाळ खाडीसाठी ठेवा: धुकं, माडांची रांग, जाळी सोडणारी होडी. आगरदांडा-दिघी किंवा दाभोळ-धोपावे अशी जेटी (खाडीपार नेणारी फेरीबोट) गाठायची असेल तर पहिली आणि शेवटची फेरी आदल्या दिवशी विचारून ठेवा. गाडी पुळणीवर उतरवू नका, रुतते. सुटे पैसे, पाणी, थोडं खाणं.

हर्णेच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तिथे लोक पोटापाण्याच्या कामात असतात. सुकत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका. ‘मावशी, फोटो काढू का?’ विचारा, आणि ‘नको’ म्हणाल्या तर कॅमेरा खाली घ्या. वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे निघाली की फ्लॅश आणि बॅटरी बंद, वनखात्याची माणसं सांगतील तिथेच थांबा. कुलाबा, जंजिरा, सिंधुदुर्ग हे संरक्षित किल्ले आहेत. आत ट्रायपॉड न्यायचा असेल तर परवानगी आधी घ्या. ड्रोनचं तर नक्कीच.

घरी परतल्यावर झोपण्याआधी ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, सांध्यातली वाळू जुन्या टूथब्रशने काढा आणि उघडाच वाळू द्या. कॅमेरा-लेन्स किंचित ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. कोकणच्या दमटपणात लेन्सला बुरशी लवकर धरते. फोटो दोन ठिकाणी उतरवून झाल्याशिवाय कार्ड पुसू नका.