चंडीगडची वेताची खुर्ची घडवताना

स्विस वास्तुविशारद पिअर जानरे हे १९५१ ते १९६५ या काळात चंडीगडच्या उभारणीसाठी तेथेच राहिले. नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठी त्यांनी सागवान आणि वेत यांची जी हात असलेली खुर्ची आखली, ती स्वतः घडवायची असेल, तर लाकडाआधी मोठा कागद आणावा. या खुर्चीचे सारे मर्म तिच्या बाजूत आहे, म्हणून एक बाजू प्रत्यक्ष मापात काढून घ्यावी. पुढचा आणि मागचा पाय वर जवळ येऊन उलटा ‘व्ही’ करतात, त्यावर हात टेकण्याची पट्टी बसते आणि खाली आसनाची आडवी पट्टी दोन्ही पायांना बांधते. असा जो त्रिकोण तयार होतो, तो चौकोनी सांगाड्यासारखा हलत नाही, आणि म्हणूनच पाय एरवीपेक्षा सडपातळ ठेवता येतात. पायांमधील अंतर मात्र घटवू नये, कारण मागे रेलल्यावर तोल त्यावरच राहतो.

लाकूड मुरलेले हवे. जुन्या वाड्याचे सागवान मिळाल्यास उत्तमच, फक्त रंधा मारण्यापूर्वी त्यातले खिळे शोधून काढावेत. दोन्ही बाजू त्याच रेखाचित्रावर ठेवून जुळवाव्यात, मग आडव्या पट्ट्यांनी जोडाव्यात आणि सरस सुकण्याआधी आसनाचे दोन्ही कर्ण दोरीने मोजून पाहावेत. पाठीची चौकट आसनापासून थोडे अंतर सोडून बसवावी.

खरा वेळ विणकामाला लागतो. आसनाच्या आणि पाठीच्या चौकटींना साधारण सव्वा सेंटिमीटर अंतरावर भोके पाडावीत. वेताच्या पट्ट्या अर्धा तास पाण्यात भिजवून आधी उभी, मग आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी आणि शेवटी दोन्ही तिरक्या अशा सहा फेऱ्या घालाव्यात. पहिल्या फेऱ्या फार ताणू नयेत. ओला वेत सुकताना आपणच आवळतो, आणि आधीच ताणलेला असेल तर शेवटच्या तिरक्या फेरीला वाट उरत नाही. विणलेली खुर्ची सावलीतच वाळवावी.

लाकडाला चकचकीत पॉलिश नको, तेलाचा हात पुरे. मूळ खुर्च्यांवर सरकारी खात्यांची अक्षरे रंगवलेली आढळतात. ती आपल्या खुर्चीवर उतरवू नयेत, कारण जुन्या खुर्च्यांच्या लिलावांमुळे नकलांचा बाजार आधीच मोठा झाला आहे.