छोट्या उद्योगासाठी कर्ज आणि अनुदान कसे मिळवावे

छोटा उद्योग सुरू करू इच्छिणारी व्यक्ती बहुधा पहिला प्रश्न अनुदानाचा विचारते. वस्तुतः महाराष्ट्र शासनाच्या ‘मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमा’त, म्हणजे नव्या छोट्या उद्योगांना अनुदान देणाऱ्या योजनेत, आधी बँकेने कर्ज मंजूर करावे लागते, त्यानंतरच अनुदान येते, आणि तेही हातात न पडता कर्जदाराच्या नावे बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते. म्हणून सारी तयारी बँकेला पटेल अशीच करावी.

ग्रामीण भागात मसाला कांडप सुरू करणाऱ्या महिलेचे उदाहरण घेऊ. प्रकल्प 5 लाख रुपयांचा असेल, तर तिला स्वतःचे 5 टक्के, म्हणजे 25 हजार रुपये घालावे लागतात आणि 35 टक्क्यांप्रमाणे 1 लाख 75 हजार रुपये अनुदान मिळू शकते. सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुषाला ग्रामीण भागात 25 व शहरात 15 टक्के अनुदान असून त्याचा स्वतःचा वाटा 10 टक्के असतो. उद्योग नवा असावा लागतो, आणि पती-पत्नींपैकी एकालाच लाभ घेता येतो.

सुरुवात जिल्हा उद्योग केंद्रापासून करावी. प्रकल्प खर्चाची चालू मर्यादा, पात्रतेच्या अटी आणि कागदपत्रांची यादी तेथे विचारून घ्यावी. त्याच फेरीत आपल्या प्रवर्गासाठी असलेल्या महामंडळाच्या योजनांचीही चौकशी करावी. उदाहरणार्थ, अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ मराठा समाजातील पात्र उद्योजकांना कर्जावरील व्याजाचा परतावा देते.

यानंतरचे काम प्रकल्प अहवालाचे. ते घाईने उरकू नये. यंत्रविक्रेत्यांकडून जीएसटीसह लेखी दरपत्रके घ्यावीत, जागेचा भाडेकरार किंवा उतारा जोडावा आणि थ्री-फेज वीजजोडणीचा खर्च विसरू नये. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरली जात नाही. उत्पन्नाचा अंदाज तर विशेष काळजीने मांडावा: कांडपाचे मुख्य काम उन्हाळ्यात, घरोघरी वर्षाचे तिखट-मसाले होतात तेव्हा येते, पावसाळ्यात ते ओसरते. बाराही महिने सारखीच कमाई दाखवणारा अहवाल शाखा व्यवस्थापकाला खरा वाटत नाही, आणि तो वाटूही नये. मंदीच्या महिन्यांतला हप्ता कशातून जाईल, तयार मसाला विकायचा असल्यास मिरची-धणे खरेदीसाठी खेळते भांडवल किती लागेल, हे स्पष्ट लिहावे. कोणाकडून छापील नमुना भरून घेतला असला तरी त्यातला प्रत्येक आकडा अर्जदाराला स्वतः समजावून सांगता आला पाहिजे, कारण बँकेत प्रश्न त्यालाच विचारले जातात.

अर्ज ऑनलाइन व विनाशुल्क भरता येतो. लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणीही मोफत आहे, त्यामुळे ‘मंजुरी करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. अर्जापूर्वी आपला सिबिल अहवाल, म्हणजे आधीच्या कर्जांच्या परतफेडीची नोंद, पाहावा. थकलेला जुना हप्ता असल्यास तो आधी फेडावा. उद्योजकता प्रशिक्षण आवश्यक असते, आणि अनुभव नसलेल्यांनी त्याशिवाय जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत निवासी प्रशिक्षण घेणे फार उपयोगाचे ठरते.

गरज थोडीच असेल, तर केंद्र सरकारच्या मुद्रा योजनेतील कर्जाचा विचार करावा. ‘शिशु’ गटात 50 हजार, तर ‘किशोर’ गटात 5 लाख रुपयांपर्यंत कर्ज तारणाविना मिळते. मुद्रेत अनुदान नसते, ही गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी.

मंजुरीपत्र आले की व्याजदर, हप्ता आणि परतफेड सुरू होण्यापूर्वीची सवलतीची मुदत वाचूनच सही करावी. नकार आल्यास कारण लेखी मागावे. ते दरपत्रकातील किंवा अहवालातील त्रुटीचे असेल, तर दुरुस्ती करून पुन्हा अर्ज करता येतो, आणि कारणच दिले जात नसेल, तर जिल्ह्यातील बँकांचा समन्वय पाहणाऱ्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे अर्जाच्या पोचपावतीसह लेखी तक्रार करावी.