स्कूटरवरचा हात: इंदुरात सकाळच्या रेडिओचा स्टंट कसा उभारावा

४ ऑक्टोबर २००१ ला रेडिओ मिर्चीचं पहिलं स्टेशन इंदुरात सुरू झालं. खासगी एफएमला बातम्या द्यायची मुभा नव्हती, त्यामुळे सकाळी पोहे-जिलबी खाताना लोकांनी ज्याबद्दल बोलावं असं काहीतरी शहरात घडवून आणायचं, ही जबाबदारी मॉर्निंग शोवर आली. त्यातला सर्वांत कसदार प्रकार म्हणजे स्कूटरला हात लावून उभं राहायचं. शेवटपर्यंत टिकेल त्याची स्कूटर.

पहिला नियम: श्रोत्यांना धावायला लावू नका. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्टेशनचा उद्घोषक गाडीतून फिरत होता आणि त्याला जो आधी गाठेल त्याला बक्षीस होतं. त्याला गाठायच्या शर्यतीत पोरांच्या गाड्यांनी एका तिऱ्हाइताचा जीव घेतला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टेशनलाच जबाबदार धरलं. म्हणून स्पर्धक आदल्या दिवशी फोनवर निवडा आणि जागा दोन फाटकांच्या बंदिस्त आवारात घ्या. शहराच्या मधोमध असलेल्या राजवाड्यासमोर करायचा मोह सगळ्यांना होतो. तिथे पाच मिनिटांत रस्ता तुंबतो. पोलिसांची लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. दिवसा रहिवासी भागात मर्यादा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५.

स्पर्धक सहाच. दोन्ही बाजूंना दोन-दोन, पुढे एक, मागे एक. पेट्रोल काढून टाका, बॅटरीची तार सोडवा, आरसे उतरवा, हँडल लॉक करा. मधल्या स्टँडखाली १२ मिमी प्लायवूड ठेवा, नाहीतर उन्हाने मऊ झालेल्या डांबरात स्टँड रुततो. दुपारनंतर माणसं नकळत गाडीवर रेलतात, आणि चौघं एकाच दिशेला रेलली की ती स्टँडवरून उतरते. मागचं चाक पट्ट्याने २५ किलोच्या दोन वाळूच्या पोत्यांना आवळून ठेवा. वर शामियाना, पूर्वेला आणि पश्चिमेला कनात. एप्रिल ते जून हा खेळ मांडूच नका.

भांडण होतं ते हातावरून. प्रत्येकाला १५ बाय १५ सेंटिमीटरचा चौकोन रंगीत टेपने आखून द्या आणि पूर्ण तळवा टेकलेलाच हवा असं आधीच लिहून घ्या. ‘बोटं टेकली तरी चालतील’ म्हणालात की नवव्या तासाला एकाची फक्त करंगळी टेकलेली असते आणि पंच गुडघ्यावर बसून फट शोधत असतो. हात बदलायचा तर आधी दुसरा टेकायचा, मग पहिला उचलायचा. दर तासाला सगळ्यांना एकदम १० मिनिटं सुट्टी. पंच दोन, पाळी चार तासांची.

नर्स किंवा डॉक्टर हवाच, आणि खेळ थांबवायचा अधिकार त्यांच्याच हातात हवा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोत एका रेडिओ स्टेशनवर पाणी पिऊन लघवी रोखायची स्पर्धा झाली. रक्तातलं सोडियम घसरून एक महिला स्पर्धक दगावली. धोका सांगणारा फोन कार्यक्रम चालू असतानाच आला होता, तो हसण्यावारी गेला. असा फोन आला की पुढची लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं थेट बोलणं, रद्द करून आधी तो ऐका. आमच्या मते संपूर्ण स्टंटमध्ये याहून मोठं काम नाही.

प्रसारणात चुकतं ते इथे: जागेवरचा आरजे, म्हणजे निवेदक, रेडिओ लावून स्वतःचा आवाज ऐकतो, तो उशिरा येतो आणि जीभ अडखळते. त्याच्या हेडफोनमध्ये स्टुडिओचा आवाज जावा, त्याचा स्वतःचा वगळून. स्पीकर माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवा, आरजेच्या पाठीमागे नको, म्हणजे शिटी वाजत नाही. लिंक ४० सेकंदांची पुरे, पण तीत चित्र दिसलं पाहिजे. ‘जबरदस्त माहौल’ यातून काही दिसत नाही. “काकू, चप्पल काढून का उभ्या आहात?” असं विचारा, काकू मराठीत बोलल्या तर बोलू द्या, रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंतच्या मराठी वस्त्यांत लोक कान टवकारतील.

बारा तासांवर ताणू नका. तेव्हाही दोघं उरले तर चिठ्ठी काढू नका, गाणी ओळखायला लावून निकाल लावा. स्कूटर ९०,००० ची असेल तर बक्षिसावर ३० टक्क्यांप्रमाणे २७,००० कर होतो. तो विजेत्याने भरायचा की स्टेशनने, हे अर्जावरच छापा, आणि भरल्याची पावती हातात आल्यावरच किल्ली द्या.