क्षयरुग्णाच्या आहारासाठीचे पैसे आणि शिधा कसा मिळवावा

क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात हे बहुतेकांना ठाऊक असते; मात्र त्याच प्राथमिक आरोग्य केंद्रातून आहारासाठीही मदत मिळते, हे कित्येक घरांना उपचार निम्म्यावर आल्यावर कळते. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेत आधी दरमहा ५०० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट नाही. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणारा रुग्णही पात्र असतो, फक्त त्याची निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीत नोंद झालेली हवी. म्हणून पहिल्याच भेटीत आपला निक्षय आयडी, म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक, मागून औषधाच्या कार्डावर लिहून घ्यावा.

पैसे थेट बँक खात्यात येतात आणि अडतातही तिथेच. आशाताईंना पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स देण्यापूर्वी ती उजेडात धरून पाहावी, कारण फिकट उमटलेला ८ कोणी ३ वाचला तरी हप्ता अडकतो. शक्य असेल तर नोंद होत असताना समोर बसून खाते क्रमांक एकेक अंक मोठ्याने वाचून दाखवावा. स्वतःचे खाते नसल्यास जनधन खाते उघडावे, किंवा लेखी संमती देऊन जवळच्या नातेवाइकाचे खाते चालेल का, हे केंद्रात विचारावे.

शिध्याची व्यवस्था वेगळी आहे. सप्टेंबर २०२२ पासून व्यक्ती आणि संस्था ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णांना धान्य, डाळ, तेल, दूध पावडर किंवा शेंगदाणे देतात. त्यासाठी रुग्णाची संमती नोंदवावी लागते, आणि ती राहून गेली तर नाव यादीत येत नाही. हा शिधा घरात वाटून खाल्ला जातो याचा संकोच कोणी बाळगू नये. झारखंडमधील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांनाही पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले होते, आणि आता कुटुंबीयांनाही शिधा देण्याची तरतूद झाली आहे.

दर भेटीत वजन करून ते कार्डावर लिहवून घ्यावे. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, १८.५ पेक्षा कमी असल्यास पहिले दोन महिने जादा ऊर्जेचा पूरक आहार मिळू शकतो. सहा महिन्यांच्या उपचारात ३००० रुपयांचा पहिला हप्ता सुरुवातीला आणि दुसरा ८४ दिवसांच्या उपचारानंतर मिळतो. तो दिवस दिनदर्शिकेत खूण करून ठेवावा आणि पैसे आले नाहीत तर केंद्रातील क्षयरोग पर्यवेक्षकांना भेटावे किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर निक्षय आयडी सांगून चौकशी करावी.