पशुवैद्यकीय शस्त्रक्रियेत चूक झाल्याचा संशय आला तर: इंदूरच्या प्राणीपालकांसाठी तयारीची यादी

कुत्र्याची किंवा मांजरीची शस्त्रक्रिया बिघडली असे वाटू लागले की घरात पहिला प्रश्न 'चूक कोणाची' हा येतो, आणि त्या वादात जे दोन-तीन दिवस जातात त्याच दिवसांत बहुतेक पुरावा नाहीसा होतो. म्हणून या यादीत दोषाचा विचार बराच खाली ठेवला आहे. आधी प्राण्याची प्रकृती, मग कागद, आणि अर्ज-तक्रारी त्यानंतर.

शस्त्रक्रियेनंतर प्राणी सुस्त राहणे किंवा एखादी उलटी होणे यावरून लगेच काही सिद्ध होत नाही. पण हिरड्या पांढुरक्या दिसणे, पोट फुगत जाणे, लघवी न होणे, टाक्यांतून रक्त किंवा दुर्गंधी असलेला स्राव येणे, किंवा भूल उतरण्याची वेळ टळूनही प्राणी नीट शुद्धीवर न येणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा, झोपेत श्वास मिनिटाला तीसपेक्षा कमी असायला हवेत, आणि गुदद्वारातून मोजलेले तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असायला हवे. हे तिन्ही आकडे वेळेसह लिहून ठेवावेत, कारण पुढे डॉक्टरांनाही तेच उपयोगी पडतात. घरातले वेदनाशामक औषध मात्र मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरते. शिवाय असे काही दिल्याचे पुढे निघाले तर सगळा दोष त्या गोळीवर ढकलला जाण्याचीही सोय होते. पुन्हा भूल द्यावी लागण्याची शक्यता असेल तर दवाखान्यात नेण्यापूर्वी खाऊ घालू नये. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांना फोन जरूर करावा, कारण कोणती भूल आणि किती मात्रेत दिली हे त्यांनाच ठाऊक असते. मात्र त्यांनी फोन उचलला नाही म्हणून थांबू नये.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर पालकांचा एक ठरलेला आग्रह असतो: पहिल्यांनी चुकी केली असे लिहून द्या. तो करू नये. व्यवसायबंधूविरुद्ध ताशेरे लिहायला सहसा कोणी तयार होत नाही, आणि आग्रह धरला तर ते लेखी काहीच देत नाहीत. त्याऐवजी त्यांना जे दिसले तेवढेच, तारीख-वेळेसह, नेमके लिहून मागावे: पोटात किती रक्त साचले होते, कोणता टाका सुटला होता, कोणत्या बाजूचे अंडाशय जागेवरच होते, मूत्रवाहिनी बांधली गेली होती काय. पोटात गॉझ (रक्त टिपायचे जाळीदार कापड) राहिल्याची शंका असेल तर हे ध्यानात ठेवावे की एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला नसेल तर साधा गॉझ एक्स-रेत स्पष्ट दिसत नाही. अशा वेळी सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागलीच तर आत सापडलेल्या वस्तूचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, फोटो काढण्याची विनंती आधीच करावी, आणि काढलेला अवयव किंवा ऊतीचा तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या साधारण दहापट द्रावणात ठेवून तपासणीला पाठवावा. दवाखान्यातल्या कचऱ्यात एकदा गेलेला गॉझ परत मिळत नाही.

नसबंदी केलेली मादी काही महिन्यांनी पुन्हा माजावर आली, तर अंडाशयाचा अंश राहून गेला असण्याची शक्यता असते. योनीतील पेशींची तपासणी आणि रक्तातील हार्मोनच्या चाचण्या यांवरून ते कळू शकते, पण योनीतील पेशी ती माजावर असतानाच तपासाव्या लागतात. म्हणून लक्षण दिसताच व्हिडिओ काढून त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी.

प्राणी दगावला असेल तर या यादीतील सर्वांत अवघड काम तेव्हाच समोर येते. रामबागेतले घर असो की राजेंद्रनगरातले, घरची वडीलधारी माणसे संध्याकाळच्या आत मूठमाती देऊन मोकळे व्हा असे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मायेपोटीच असते. तरीही मृत्यूचे कारण जाणून घ्यायचे असेल तर शवविच्छेदनाखेरीज खात्रीचा मार्ग नाही, आणि दफन किंवा दहन झाल्यावर तो कायमचा बंद होतो. देह बर्फाच्या पिशव्यांमध्ये किंवा शीतकक्षात, साधारण चार अंश सेल्सिअसला ठेवावा. फ्रीझरमध्ये ठेवून गोठवू नये, कारण पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक तयार होऊन सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी बिघडते. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, काही तासांचा उशीरही महागात पडतो, म्हणून चोवीस तासांच्या आत आणि जमल्यास त्याच दिवशी शवविच्छेदन करून घ्यावे. इंदूरकरांचे नशीब एवढे बरे की १९५५ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच महूला आहे. तिथल्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागाला आधी फोन करून वेळ, शुल्क आणि लागणारी पत्रे विचारून घ्यावीत. ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तिथेच शवविच्छेदन करून घेऊ नये, हे सांगायला नको. देह सोपवताना चेहरा, अंगावरच्या खुणा आणि टाक्यांची जागा यांचे फोटो काढावेत आणि मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक अहवालात लिहवून घ्यावा, नाहीतर अहवाल नेमका आपल्याच प्राण्याचा कशावरून, असा प्रश्न पुढे उभा राहतो.

कागदांच्या बाबतीत आपली माणसे फारच भिडस्त असतात. ओळखीच्या डॉक्टरांकडे बिल मागणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे अनेकांना वाटते. पण ग्राहक म्हणून उभे राहायचे तर पैसे दिल्याचा पुरावा लागतोच, आणि बिल नसेल तर यूपीआयची नोंद किंवा बँकेचा उतारा तरी काढून ठेवावा लागतो. त्यासोबत लसीकरणाचे पुस्तक, शस्त्रक्रियेपूर्वीचे रक्ताचे अहवाल (किंवा ते केलेच नव्हते ही गोष्ट), संमतीपत्राची प्रत, भुलीच्या नोंदींचा तक्ता, शस्त्रक्रियेची टिपणे, घरी सोडतानाचा कागद, औषधांच्या चिठ्ठ्या आणि एक्स-रेच्या मूळ फाइल गोळा कराव्यात. जे आपल्याजवळ नाही ते दवाखान्याकडे ई-मेलने किंवा स्पीड पोस्टने लेखी मागावे आणि पोच जपून ठेवावी. माणसांच्या डॉक्टरांना ७२ तासांत नोंदी देण्याचे जे बंधन आहे ते पशुवैद्यांच्या नियमांतले नव्हे, त्यामुळे पत्रात त्याचा हवाला देऊन समोरच्या वकिलाला हसण्याची संधी देऊ नये. लेखी मागूनही नोंदी दिल्या नाहीत, ही बाब ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्हा आयोगापुढे आपोआप बोलते. दवाखान्यात कॅमेरे असतील तर त्या दिवसाचे चित्रीकरण जपून ठेवण्याची विनंती त्याच पत्रात करावी, कारण जुने चित्रीकरण काही दिवसांतच पुसले जाते. व्हॉट्सॲपवरील संभाषण निर्यात करून ठेवावे, पण मूळ फोन विकू किंवा रिकामा करू नये. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि ते देताना मूळ उपकरण हाताशी असलेले बरे.

घटनाक्रम त्याच रात्री लिहायला घ्यावा, आणि तो मराठीत लिहावा, कारण दुःखात असताना परक्या भाषेत लिहिलेली वाक्ये अनेकदा गुळमुळीत होतात. त्यात 'डॉक्टर निष्काळजी होते' असे लिहू नये. किती वाजता नेले, किती वाजता परत दिले, तेव्हा प्राणी उभा राहत होता का, फोनवर नेमके काय सांगितले गेले, हे लिहावे. इंदूरच्या आयोगातले कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालत असल्याने या टिपणाचा आणि मराठी संदेशांचा हिंदी अनुवाद पुढे जोडावा लागेल, त्यासाठी मूळ टिपण सुवाच्य असावे.

इतके झाल्यावर डॉक्टरांची भेट मागावी. सोबत असे माणूस न्यावे ज्याचा आवाज चढत नाही. काय झाले, ते केव्हा लक्षात आले, त्यानंतर काय केले आणि आता पुढे काय करता येईल, एवढेच विचारावे. काही डॉक्टर इथेच मोकळेपणाने सांगतात, पुढच्या उपचाराचा खर्चही उचलतात, आणि प्रकरण तिथेच मिटू शकते. पैसे परत मिळत असतील तर पावतीवर 'यापुढे कोणताही दावा राहणार नाही' असे वाक्य आहे का ते वाचूनच सही करावी. भेटीनंतर झालेल्या बोलण्याचा सारांश त्याच दिवशी त्यांना लिहून पाठवावा. गुगलवर किंवा मोहल्ल्याच्या ग्रुपवर नाव घेऊन 'कसाई' वगैरे लिहिण्याचा मोह आवरावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे आणि तक्रारदारच आरोपी होण्याची वेळ येऊ शकते.

आता दोषाचा प्रश्न. वाईट परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे कायदा मानत नाही. भुलीत होणारा अनपेक्षित मृत्यू, टाक्यांखाली पाणी साचणे, जखम उसवणे हे काळजी घेऊनही घडू शकते, आणि गळ्यातला शंकूच्या आकाराचा कॉलर घरच्यांनीच दया येऊन काढला असेल तर जखम उसवल्याचे उत्तर घरातच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये डॉक्टरांच्या फौजदारी खटल्यात कसोटी मांडली ती अशी की त्या व्यवसायातील सामान्य कौशल्याच्या माणसाने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली होती का, हे पाहावे. ते प्रकरण माणसांच्या उपचाराचे होते, पण व्यावसायिकांविषयीचे त्याचे तत्त्व पशुवैद्यांच्या तक्रारीतही पुढे येते. याच्या दुसऱ्या टोकाला चुकीच्या पायावर शस्त्रक्रिया किंवा पोटात राहिलेला गॉझ अशा गोष्टी आहेत, जिथे घटना स्वतःच साक्ष देते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असे त्याच न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे. संमतीपत्रावर सही केली म्हणून निष्काळजीपणाला संमती दिली असे होत नाही, ही गोष्ट दवाखान्याच्या स्वागतकक्षात कितीही ठासून नाकारली गेली तरी.

कुठे जायचे हे आपल्याला काय हवे यावर ठरते. डॉक्टरांच्या वर्तनाची चौकशी व्हावी, नोंदणीवर कारवाई व्हावी असे वाटत असेल तर भोपाळच्या मध्य प्रदेश राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तक्रार करावी. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाखाली नोंदणीचे काम तिच्याकडे आहे, मात्र ती भरपाई देत नाही. शस्त्रक्रिया करणारा नोंदणीकृतच नव्हता असे आढळले तर प्रकरण वेगळे होते आणि तिथे पोलिसांत जाणेही योग्य ठरते. एरवी पोलीस ठाण्यात फारसे हाती लागत नाही, कारण न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारण्याची किंवा अपंग करण्याची जी शिक्षा आहे ती आगळीक (मुद्दाम नुकसान करणे) या गुन्ह्यासाठी आहे आणि त्यात हेतू किंवा जाणीव लागते; हात चुकणे त्यात बसत नाही. शस्त्रक्रिया सरकारी पशुचिकित्सालयात झाली असेल तर माहितीच्या अधिकाराखाली नोंदी मागाव्यात, पशुपालन विभागाच्या जिल्ह्यातील उपसंचालकांकडे लेखी तक्रार द्यावी आणि मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वरही नोंदवावी. सर्वांसाठी मोफत असलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही.

पैशाची भरपाई हवी असेल तर जिल्हा आयोग, ज्याला आपल्याकडे सगळे अजूनही उपभोक्ता फोरमच म्हणतात. सेवेसाठी दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच होते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, म्हणजे आपले प्रकरण बिनशुल्क गटातच येणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, त्यामुळे शस्त्रक्रिया पुण्यात झाली असली तरी ती इंदुरात दाखल होऊ शकते. मागणीत दोन्ही शस्त्रक्रियांचा खर्च, औषधे, प्रवास, प्राणी विकत घेतला असल्यास त्याची पावती आणि मनस्तापाची रक्कम वेगवेगळी दाखवावी. कायद्याच्या नजरेत प्राणी अजून मालमत्ताच आहे, तेव्हा रस्त्यावरून उचलून आणलेल्या मोत्यासाठी मोठ्या रकमेची आशा धरू नये, झालेला खर्च मात्र पूर्ण मागावा. वकिलाची नोटीस बंधनकारक नाही, पण पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस पाठवण्याचा प्रघात आहे आणि तो पाळलेला चांगला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तडजोडीचा प्रयत्न करता येतो. त्याने आयोगाची मुदत थांबते असे मात्र समजू नये.

ती मुदत दोन वर्षांची आहे, आणि 'आम्हाला नंतर कळले' हे म्हणणे नेहमी चालत नाही. १९९३ मध्ये झालेल्या एका शस्त्रक्रियेनंतर रुग्ण स्त्रीच्या पोटातून २००२ मध्ये गॉझ निघाला आणि तक्रार २००४ मध्ये झाली; इतकी वर्षे दुखत असूनही तपासणी करून घेतली नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. म्हणून त्रास सुरू झाल्याची तारीख धरूनच दिवस मोजावेत. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते आणि स्वतःच मांडताही येते. नोटीस मिळाल्यावर समोरच्यांना उत्तरासाठी तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत, नमुन्याची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि तेवढी रजा व तेवढा धीर हिशेबात धरावा. निकाल मान्य नसेल तर राज्य आयोगाकडे अपील पंचेचाळीस दिवसांत करावे लागते.