युरिक ॲसिड वाढलंय? डाळ बंद करण्याआधी या चुका टाळा

संपूर्ण तपासणीचा रिपोर्ट येतो, युरिक ॲसिडसमोर ७.६ हा आकडा ठळक अक्षरांत दिसतो आणि त्याच संध्याकाळी घरातली तुरीची डाळ बंद होते. मग पालक जातो, फ्लॉवर जातो, मटार जातात. दुसरीकडे ज्याला खरोखरच गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारं दुखणं, आहे, अंगठा सुजून ज्याने रात्र जागून काढली आहे, तो दुखणं थांबताच गोळी सोडून देतो. ज्याने घाबरायला नको तो घाबरतो आणि ज्याने नेटाने उपचार घ्यायला हवेत तो निर्धास्त राहतो. बहुतेक चुका या गोंधळातूनच होतात.

आपल्या पेशींमध्ये आणि अन्नात प्युरिन नावाचे घटक असतात. ते मोडले की युरिक ॲसिड तयार होतं. यातला मोठा वाटा शरीरातच तयार होतो, अन्नातून येणारा भाग त्याहून कमी. बाहेर टाकण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम मूत्रपिंडं करतात, उरलेलं आतडी. म्हणूनच बहुतेकांच्या रक्तात ते वाढतं, ते मूत्रपिंडांतून पुरेसं बाहेर पडत नाही म्हणून. त्यामागे आनुवंशिकता, वाढलेलं वजन, मूत्रपिंडाचा आजार किंवा एखादं औषध असू शकतं. रक्तातलं प्रमाण दर १०० मिलिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिलं की सांध्यात त्याचे स्फटिक जमू शकतात. जमू शकतात, जमतातच असं नाही. आकडा वाढलेल्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही. सांधेदुखी नाही, मूतखडा नाही, फक्त रिपोर्टात आकडा जास्त आहे, अशा माणसाला सहसा गोळी लागत नाही. त्याने रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि वजन तपासून घ्यावं, कारण वाढलेलं युरिक ॲसिड अनेकदा या मंडळींच्या सोबतीने येतं.

टाच दुखली की युरिक ॲसिडवर खापर

सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, ती बहुतेक वेळा तळव्याच्या स्नायुबंधाच्या दुखण्यामुळे. गुडघे कुरकुरतात ते झिजेमुळे. गाउटचं दुखणं वेगळं ओळखू येतं. रात्री अचानक, बऱ्याचदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी सुरू होतं, सांधा लालबुंद आणि गरम होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. चोवीस तासांत दुखणं कळसाला पोचतं आणि एक-दोन आठवड्यांत, औषध न घेताही, बरेचदा ओसरतं. त्यामुळेच त्या दिवसांत जे काही घेतलं, मग तो कुणी सुचवलेला काढा असो नाहीतर लेप, त्यालाच गुण आल्याचं श्रेय मिळतं. स्फटिक मात्र सांध्यात तसेच राहतात.

आणखी एक फसगत तपासणीची. ऐन दुखण्यात रक्त तपासलं तर युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. ‘रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे गाउट नाही’ असं मानू नका. दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.

पथ्य चुकीच्या बाजूने

अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट अधिक आढळला. प्युरिन असलेल्या भाज्यांनी मात्र धोका वाढला नव्हता आणि कमी स्निग्धांशाचे दुधाचे पदार्थ घेणाऱ्यांत तो कमी होता. तेव्हा वरण-भात, पालकाची भाजी आणि ताक यांची भीती सोडा. शाकाहारी घरात डाळ तोडली की प्रथिनंच तुटतात, आणि हे नुकसान नक्की आहे.

हात आखडायचा तो कलेजी, वजडी, पायाचं सूप, मटण, जवळा, सुकट, तारली, बांगडा यांच्यावर. बिअर तर सगळ्यांत वाईट. आणि ज्याकडे फारसं कुणी बघत नाही ती गोड शीतपेयं आणि डब्यातले फळांचे रस! त्यातल्या फ्रुक्टोजमुळे शरीर स्वतःच जास्त युरिक ॲसिड बनवतं. वजन उतरवायला कडक उपास करू नका. उपासात युरिक ॲसिड उलट वाढतं आणि गाउटचा झटका येऊ शकतो. वजन हळूहळू उतरवा. एवढं सगळं काटेकोर पाळूनही पथ्याने आकडा साधारण एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरतो. नऊ-दहावर असलेल्या माणसाला, वारंवार झटके येत असतील तर, औषध लागतंच. त्यात त्याचा काही कमीपणा नाही.

औषधाची धरसोड

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या चुकीची. वेदनाशामक गोळी सूज उतरवते, युरिक ॲसिड नाही. महिनोन्‌महिने दुकानातून परस्पर आणून खाल्ली तर मूत्रपिंडांना इजा करते, म्हणजे युरिक ॲसिड बाहेर टाकणारी वाटच अरुंद होते. ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट आकडा खाली आणतात, पण ती कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवावी लागतात. ध्येय असतं ६ च्या खाली आणि तिथेच टिकवणं, बहुधा वर्षानुवर्षं. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळताना झटका येऊ शकतो, म्हणून डॉक्टर सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन देतात. नेमक्या याच वेळी ‘गोळीने दुखणं वाढवलं’ म्हणून लोक ती फेकून देतात. झटका आला तरी चालू असलेली गोळी आपल्या मनाने थांबवू नका.

इतर औषधंही डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबासाठीच्या काही लघवीच्या गोळ्या, हृदयासाठीची छोटी ॲस्पिरिन, क्षयरोगावरची पायराझिनामाइड यांनी युरिक ॲसिड वाढतं. यातलं काहीही स्वतःहून सोडायचं नाही. क्षयाचे उपचार अर्धवट सोडणं तर फार धोक्याचं. भरपूर पाणी प्या हा सल्लाही मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असलेल्यांनी विचारूनच पाळावा.

ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, ताप आला तर मात्र पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि सुजलेल्या गरम सांध्यासोबत थंडी-ताप असेल तर ‘नेहमीचं युरिक ॲसिड’ म्हणून घरी थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, आणि तो काही दिवसांत सांधा कायमचा खराब करतो.