मुलुंड-ठाण्यात पहिलं घर घेताय? या चुका टाळा

रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायचा आणि सोमवारी हाफ डे टाकून बँकेत यायचं, हा आमच्या भागातल्या नव्या जोडप्यांचा ठरलेला क्रम. बरीच वर्षं मी मुलुंडला गृहकर्जाच्या टेबलावर काढली. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच प्रश्न येतो, "मॅडम, आम्हाला किती लोन बसेल?"

पहिली चूक हा प्रश्नच.

बँक तुमचे आजचे दोन पगार बघते, चालू हप्ते वजा करते आणि एक आकडा सांगते. दोन वर्षांत घरात पाळणा हलणार आहे का, आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन कधीपासून लांबतंय, दोघांपैकी एकाला नोकरी नकोशी झालीय का, यासाठी आमच्या फॉर्मवर रकानाच नसतो. त्यामुळे बँक म्हणते "बसतंय", आणि जोडपं ऐकतं "परवडतंय".

माझा साधा नियम आहे. दोन पगारांवर घेतलेलं घर दीड पगारावर चाललं पाहिजे. मोठा पगार पूर्ण धरा, लहान पगार निम्मा धरा. त्यातून हप्ता, मेंटेनन्स, किराणा आणि आई-वडिलांकडे जाणारे पैसे वजा करून काही उरतंय का बघा. उरत नसेल तर घर वाईट आहे असं नाही, ते घर आज तुमचं नाही एवढंच. याची तालीमही करता येते. आज भाडं ४०,००० असेल आणि होणारा हप्ता ९७,००० असेल, तर मधले ५७,००० सहा महिने दर १ तारखेला वेगळ्या खात्यात टाका आणि विसरा. तिसऱ्याच महिन्यात त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर उत्तर मिळालं. नाही लागले, तर सहा महिन्यांनी हातात साडेतीन लाखांच्या आसपास रक्कम असेल. ती लागणारच आहे, कारण पुढची चूक सगळ्यात महाग पडते.

हातातल्या पैशांचा हिशेब कच्चा ठेवणं

मुलुंडमधला दीड कोटींचा फ्लॅट धरू. "वीस टक्के आपले, बाकी बँकेचे" असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते. म्हणजे कर्ज १ कोटी १२ लाख ५० हजार आणि तुमचे साडेसदतीस लाख. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरत नाहीत, तो खिशातूनच जातो. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे ९ लाख. नोंदणी ३०,०००. इमारत बांधकामाखाली असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेसात लाख. एकूण झाले ५४ लाख ३० हजार, आणि अजून घरात पंखासुद्धा लागलेला नाही. ओसी, म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही, पण रीसेलमध्ये एजंटची दलाली आणि सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम आलंच. जीएसटीची रक्कम कर्जासाठी किमतीत धरणार का, हे बँकेला आधीच विचारून घ्या.

हा खड्डा भरायला लोक काय करतात, तर पर्सनल लोन काढतात. घराच्या हप्त्याला दुसरा हप्ता चिकटला की दीड पगाराचं गणित पहिल्याच दिवशी मोडतं. सोनं, पीएफ, एफडी मोडून भागत असेल तर मोडा, पण सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला राहायलाच हवी. तेवढी उरत नसेल तर थांबा. थांबण्यात कमीपणा नाही, भाव वाढतील हे खरं असलं तरी.

"वीस वर्षांत फिटेल" यावर विश्वास ठेवणं

वर सांगितलेलं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो साधारण ९७,६३०. पहिल्या हप्त्यातले ७९,६८८ व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम १८ हजार. हे बहुतेकांना ठाऊक असतं. दर वाढल्यावर काय होतं, ते नसतं. समजा सुरुवातीलाच दर एक टक्क्यानं वाढला आणि बँकेनं हप्ता तोच ठेवला, तर वीस वर्षांचं कर्ज पावणेसव्वीस वर्षांवर जातं. तिशीत घेतलेलं कर्ज मग निवृत्तीच्या उंबरठ्यापर्यंत सोबत करतं.

ही नुसती भीती घालत नाही. रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते आणि ज्यावरून बहुतेक गृहकर्जांचे दर हलतात, तो रेपो दर मे २०२२ मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी एक कोटीचं नवं कर्ज घेतलेल्या माणसाचा हप्ता ७६,०३६ होता. दर सव्वानऊवर गेला तेव्हा महिन्याचं नुसतं व्याजच ७७,००० च्या वर गेलं. हप्ता भरूनही मुद्दल वाढणार, म्हणून हप्ता वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हा माझ्या टेबलासमोर रांग लागली होती आणि "आम्हाला कोणी सांगितलंच नाही" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकत होते. सांगितलेलं असतं. सही करायच्या घाईत सदतिसावं पान कोण वाचतो?

आता उपाय. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची सोय बँकेनं तुम्हाला द्यायची असते. जमेल तेव्हा हप्ता वाढवा. आणि फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराचं गृहकर्ज आधी फेडलं तर व्यक्तिगत कर्जदाराला दंड नसतो, तेव्हा बोनस आला की आधी इकडे वळवा. पहिल्या पाच वर्षांत भरलेला एक लाख नंतरच्या दोन लाखांचं काम करतो, असं मी ग्राहकांना ठोकून सांगायचे. गणिताच्या सरांना ते चालणार नाही, पण रोख बरोबर आहे.

आयकर वाचतो म्हणून घर घेत असाल तर आधी आपण कुठल्या कररचनेत आहोत ते बघा. स्वतः राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट नव्या रचनेत मिळत नाही.

घर रविवारी बघणं

घोडबंदर रोडवरचं घर मी स्वतः एका रविवारी दुपारी पसंत केलं. "ठाणे स्टेशन पंधरा मिनिटं" असं सेल्सचा मुलगा म्हणाला आणि खरंच पंधरा मिनिटांत आम्ही पोचलो. पुढे सोमवारी सकाळी साडेआठला त्याच रस्त्यावर बसमध्ये उभी असताना मला त्या मुलाची फार आठवण आली.

बुकिंगआधी एका कामाच्या दिवशी दोघांनी आपापल्या ऑफिसला त्या सोसायटीच्या फाटकापासून जाऊन या. रिक्षाची रांग, जिना, प्लॅटफॉर्म, सगळं. गर्दीच्या वेळी सगळ्या जलद लोकल मुलुंडला थांबत नाहीत, ठाण्याला थांबतात, पण तिथे गाडीत शिरणं हे वेगळं कौशल्य आहे. वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ चं काम २०१८ पासून चाललंय आणि जाहिरातींमधून त्या स्टेशनांची किंमत आपण तेव्हापासूनच मोजतोय. धावणारी मेट्रो धरून भाव द्या, येणारी धरून नको.

संध्याकाळी परत जा आणि वॉचमनशी बोला. मे महिन्यात टँकर किती लागतात, हे तो तुम्हाला ब्रोशरपेक्षा खरं सांगेल.

मुलुंड आणि ठाणे यांच्यामध्ये नाका आहे, पण फरक निव्वळ पाटीचा नाही. मुलुंड मुंबई महापालिकेत येतं, तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे दीड कोटींवर दीड लाख जास्त. उलट ठाण्यात त्याच पैशांत एक खोली जास्त मिळू शकते. यात बरोबर उत्तर नाही, फक्त तुलना करताना दोन्ही बाजूंना तेच खर्च मांडा.

रेरा नंबर बघितला की झालं, असं समजणं

रेरा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, आपल्याकडे ते काम महारेरा करतं आणि प्रकल्पाला नोंदणी नंबर देतं. पण कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवलेली होती. नंबर खरा, त्याखालचा कागद खोटा. उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या इमारती पाडायचा आदेश दिला तेव्हा आत कर्ज काढून आलेली कुटुंबं राहत होती. तेव्हा महारेराच्या संकेतस्थळावरून परवानगीची प्रत उतरवा आणि तीच महापालिकेच्या नगररचना विभागात ताडून घ्या. वकिलाला हे काम द्या, आणि तो वकील बिल्डरनं सुचवलेला नको. बँकेचा वकील कागद बघतो हे खरं, पण तो बँकेचा असतो.

क्षेत्रफळाचा प्रश्न एकच विचारा: "रेरा कार्पेट किती?" त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी नाही. "बाल्कनीसकट" असं उत्तर आलं तर बाल्कनी वजा करून दर पुन्हा काढा. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. "ऑफर आजच संपतेय" म्हणून कोणी वीस टक्के मागत असेल तर चहा पिऊन निघा.

रीसेलमध्ये ओसी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), आधीच्या सगळ्या करारांची साखळी आणि कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त) बघा. "रिडेव्हलपमेंट लागलंय" म्हणून दहा लाख जास्त मागत असतील, तर सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवायला सांगा. माझ्या बघण्यातली निम्मी रिडेव्हलपमेंटं फक्त जिन्यातल्या गप्पांमध्येच लागलेली होती. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याला पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, हेही अनेक जोडप्यांना नोटीस आल्यावर कळतं.

कोणाचे पैसे, कोणाचं नाव, हे न बोलणं

यावर बँकेत कोणी बोलत नाही, पण टेबलासमोरचं वातावरण सगळं सांगतं. मुलाच्या बाबांनी निवृत्तीचे पंधरा लाख दिलेत, मुलीनं लग्नाआधीची एफडी मोडलीय, आणि करारावर नाव कोणाचं यावर दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. बाबांचे पैसे बक्षीस आहेत की उसने, हे एका कागदावर लिहा. धाकट्या भावाला ते माहीत आहे ना, हेही बघा. पुढे बाबांच्या डोंबिवलीच्या घराची वाटणी होईल तेव्हा हा कागद नात्यापेक्षा जास्त टिकेल.

घर केवळ बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. दीड लाखांसाठी तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचं का, हे दोघांनी ठरवावं, पण "नाव काय, सारखंच ना" असं म्हणून नाही.

भाडं म्हणजे पैसे पाण्यात, असं धरून चालणं

हे सासू-सासऱ्यांचं आवडतं वाक्य. पहिल्या वर्षी वरच्या कर्जावर साडेनऊ लाखांच्या आसपास व्याज जातं, तेही परत येत नाही. त्याच फ्लॅटचं वर्षाचं भाडं ४०,००० नं पाच लाखांच्या आत बसतं. मात्र मधला फरक खरोखर साठवला तरच भाडं परवडलं. मधले पैसे गोव्याला आणि फोनच्या हप्त्यात गेले, तर सासूबाईंचंच बरोबर. एक मधला मार्ग मी नेहमी सुचवते: ज्या भागात घर घ्यायचंय तिथेच आधी वर्षभर भाड्यानं राहा. पावसाळा, पाणी, शाळा, शेजार सगळं कळतं.

चूक झालीच असेल तर

टोकन देऊन बसलात आणि कर्ज कमी मंजूर झालं: पावतीवर "कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत" असं लिहिलेलं असेल तर सुटलात. नसेल तर आज समजुतीनं बोला, पुढच्या वेळी लिहून घ्या.

"ताब्यापर्यंत ईएमआय नाही" अशा योजनेत अडकलात: तोवरचे हप्ते बिल्डर भरतो, पण कर्ज तुमच्या नावावर आहे. बिल्डरनं हप्ता थांबवला तर बँक तुम्हालाच फोन करणार आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमचीच खराब होणार. बिल्डरकडून पैसे जातायत ना, हे दर महिन्याला कर्जाच्या स्टेटमेंटवर बघा.

ताबा लांबला: करारातली तारीख उलटली की दोन वाटा असतात. बाहेर पडून व्याजासह पैसे परत, किंवा थांबून विलंबाच्या दर महिन्याचं व्याज. बिल्डर वाढीव तारखेच्या पत्रावर सही मागेल. वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

ताबा मिळाला आणि गळती सुरू झाली: ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. माझ्या घरात पाचव्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर ओल आली. शेजारी म्हणाले, दिवाळीत रंग काढताना वॉटरप्रूफिंग करून घेऊ. मी कपाटातून ताब्याचं पत्र काढलं. तारीख फेब्रुवारी २०१९ ची होती, आणि बाहेर जुलै २०२३ चा पाऊस पडत होता. सात महिने शिल्लक होते. त्याच दुपारी फोटो जोडून रजिस्टर्ड पोस्टानं पत्र टाकलं.